एका कातळावरचे सात दिवस

इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, स्कॉटलंडच्या सरहद्दीला भिडून असलेला नॉर्थंबरलंड हा परगणा ज्याने नकाशात सावकाश न्याहाळला असेल, त्याच्या एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. रोमन साम्राज्याची उत्तरेकडील तटबंदी, मध्ययुगीन सरदारांचे गडकोट आणि उत्तर समुद्राचा वालुकामय किनारा, ही तिन्ही येथे एका आठवड्याच्या फेऱ्यात सुखाने सामावतात. आणि तरीही लंडनहून एडिंबरोकडे जाणारे बहुसंख्य प्रवासी हा मुलूख केवळ आगगाडीच्या खिडकीतून पाहून पुढे निघून जातात. एक आठवडा हाती असता एडिंबरो, यॉर्क आणि हा परगणा अशी तिन्ही ठिकाणे त्यात कोंबण्याचा जो मोह होतो, तो निग्रहाने आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. येथील किल्ले, किनारा आणि रोमन अवशेष ही तीन निरनिराळी प्रेक्षणीय स्थळे नव्हेत. ती एकाच कातळाने एकत्र बांधलेली आहेत, आणि त्या कातळाच्या धोरणाने प्रवास आखला तरच त्यांचा परस्परसंबंध उलगडतो.

त्या कातळाचे नाव व्हिन सिल. सुमारे २९.५ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या उदरातील तप्त शिलारस वर उसळला. परंतु पृष्ठभागावर येऊन वाहण्याऐवजी तो चुनखडीच्या आणि वालुकाश्माच्या जुन्या थरांमध्ये आडवा शिरला आणि तेथेच हळूहळू थिजून काळाकभिन्न, अत्यंत कठीण असा डोलेराईट झाला. पुढे वरचे मृदू थर ऊन, पाऊस आणि हिमनद्या यांनी झिजवून नेले आणि हा थर ठिकठिकाणी उघडा पडला. आपला सह्याद्री वयाने याच्यापेक्षा पुष्कळ लहान, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, आणि त्याचा बेसाल्ट हा भूपृष्ठावर पसरलेल्या लाव्ह्याचा. परंतु दोन्ही दगडांचे घटक बरेचसे सारखे असल्याने, राजगड-तोरण्याचे कडे पाहिलेल्या मराठी माणसाला नॉर्थंबरलंडच्या कड्यातील उभ्या भेगा आणि काळे स्तंभ पाहताच आपण परक्या मुलखात आहोत असे फारसे वाटत नाही. हॅड्रियनच्या तटाचा मध्यभाग याच कातळाच्या धारेवर चढलेला आहे. डन्स्टनबरो, बॅम्बरो आणि लिंडिसफार्न हे तिन्ही समुद्रकाठचे किल्ले याच्याच उंचवट्यांवर उभे आहेत. आणि फार्न बेटे म्हणजे याच थराचे समुद्रातून वर आलेले अखेरचे माथे होत.

आता आखणी. तिचा आरंभ आगगाडीच्या वेळापत्रकापासून न करता भरती-ओहोटीच्या कोष्टकापासून करावा. लिंडिसफार्न हे बेट मुख्य भूमीला एका सखल रस्त्याने जोडलेले असून तो रस्ता दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो. तो सुरक्षितपणे ओलांडण्याच्या वेळा परगण्याची कौन्सिल आगाऊ प्रसिद्ध करते. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकत असल्यामुळे कोणत्या दिवशी बेटावर जायला आणि यायला सोयीचा अवधी मिळेल, हे आधी ठरवावे आणि मग उरलेले दिवस त्याच्या मागेपुढे बसवावे. उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांतला भेद ज्यांना कोकणात लहानपणापासून ठाऊक आहे, त्यांना हे निराळे सांगायला नको. तरी दरवर्षी कोणी ना कोणी घाई करून मोटार त्या रस्त्यावर घालतो आणि पाण्याने वेढला जातो. अशांसाठी तेथे उंच खांबांवर एक आश्रयाची खोली बांधून ठेवलेली आहे.

मुक्काम दोनच करावेत: पहिले तीन दिवस हेक्सम या गावी, तटाच्या दर्शनासाठी, आणि पुढचे तीन ॲनिक येथे किंवा सीहाउसेस या बंदरात, किनाऱ्यासाठी. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून न्यूकॅसल सुमारे तीन तासांचे, आणि तेथून टाइन नदीच्या खोऱ्याने कार्लाइलकडे जाणारी गाडी हेक्समला थांबते. काळ मे ते सप्टेंबर. हिवाळ्यात कित्येक किल्ल्यांचे दरवाजे बंद असतात आणि तटालगतची बसही धावत नाही. जूनमध्ये मात्र रात्री दहापर्यंत उजेड असतो. पावसाचा अंगरखा कोणत्याही महिन्यात बरोबर असावाच.

हेक्समला पोहोचल्या दिवशीच तेथील मठाचे तळघर पाहावे. सातव्या शतकात विल्फ्रिड नावाच्या बिशपने ते बांधविले, तेव्हा दगड आणले ते जवळच्या ओसाड पडलेल्या रोमन इमारतींमधून. त्यांपैकी एका शिलेवर सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस आणि त्याचे दोन पुत्र यांची नावे कोरलेली होती. पुढे थोरल्या भावाने धाकट्या गेटाचा खून करविला आणि त्याचे नाव साम्राज्यभरच्या शिलालेखांवरून खरवडून काढण्याचा हुकूम सोडला. त्या हुकमाची अंमलबजावणी रोमपासून इतक्या दूरच्या सरहद्दीवरही किती काटेकोरपणे झाली, हे त्या शिलेवरच्या खरवडलेल्या जागेवरून आजही दिसते.

सम्राट हॅड्रियन इसवी सन १२२ मध्ये ब्रिटनमध्ये आला आणि त्याच सुमारास या तटाचे काम सुरू झाले. टाइन नदीच्या मुखाजवळच्या वॉल्सेंडपासून पश्चिमेला सॉल्वेच्या खाडीकाठच्या बोनेसपर्यंत त्याची लांबी ऐंशी रोमन मैल, म्हणजे सुमारे ११७ किलोमीटर. दर रोमन मैलाला एक चौकी, दोन चौक्यांमध्ये दोन बुरूज, आणि ठरावीक अंतरावर शिबंदीचे मोठे कोट, अशी त्याची रचना. बांधकाम तीन लीजनांच्या सैनिकांनी केले. पहाऱ्यावर मात्र बहुतेक साम्राज्यातील इतर प्रांतांतून आणलेली पथके तैनात असत. चेस्टर्सला स्पेनमधील अस्तुरियाचे घोडेस्वार होते, हाउसस्टेड्सला आजच्या बेल्जियमकडील तुंग्री पायदळ. हा तट म्हणजे आजची इंग्लंड-स्कॉटलंड सरहद्द, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तो सबंध इंग्लंडच्या हद्दीत आहे, आणि पूर्वेकडे तर आजची सरहद्द त्याच्या पुष्कळच उत्तरेला आहे.

तट पाहायचा तो चालत पाहायचा. स्टील रिगपासून हाउसस्टेड्सपर्यंतची वाट सुमारे पाच किलोमीटरची आहे, आणि एका सकाळपुरते तिच्याहून श्रेष्ठ असे काही या प्रवासात नाही. उत्तरेकडे कातळ उभा तुटलेला, दक्षिणेकडे उतार, आणि मधल्या धारेवरून चढत-उतरत गेलेला तट. येथे बांधणाऱ्यांनी तटाची रुंदी कमी केली आहे. कड्यानेच अर्धे काम केलेले असताना अधिक रुंदीची गरज भासली नसावी. आपल्याकडील स्थपतींनी बेसाल्ट घडवून त्याचेच चिरे डोंगरमाथ्यावर रचले. रोमनांनी मात्र या कातळाला पाया म्हणून राबविले, दर्शनी चिरे जवळच्या खाणींतील वालुकाश्माचे घेतले आणि तटाच्या पोटात भर घातली. या वाटेवरच्या एका खिंडीत एकच सिकॅमोर वृक्ष उभा होता, आणि तो साऱ्या इंग्लंडला ओळखीचा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्री दोघा जणांनी तो करवतीने पाडला. त्यांना पुढे तुरुंगवासाची शिक्षा झाली, आणि बुंध्याला पुन्हा धुमारे फुटले आहेत.

तटाचा इतका भाग शिल्लक राहिला यात कातळाइतकाच एका माणसाचाही वाटा आहे. १७४५ च्या जेकोबाइट बंडाच्या वेळी जनरल वेडची फौज न्यूकॅसलहून कार्लाइलला वेळेवर जाऊ शकली नाही, म्हणून सरकारने नंतर लष्करी सडक बांधली, आणि कित्येक मैलांपर्यंत ती चक्क तटाचे दगड फोडून, त्याच्याच पायावरून नेली. शेतकरी तर गोठ्यांसाठी आणि कुंपणांसाठी शतकानुशतके चिरे नेत होतेच. एकोणिसाव्या शतकात न्यूकॅसल नगराचा कारभारी जॉन क्लेटन याने तटालगतच्या जमिनी एकामागून एक विकत घेतल्या, ढासळलेले चिरे पुन्हा रचविले आणि चेस्टर्सचे उत्खनन केले. तेथील नदीकाठचे स्नानगृह पाहताना या सद्गृहस्थाचे ऋण मनापासून मान्य करावे.

तिसरा दिवस पूर्णपणे विंदोलांडाला द्यावा. माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रवासाचे ते मर्मस्थान आहे. हा कोट तटाच्याही आधीचा, तटाच्या दक्षिणेला किंचित अंतरावर. जुना लाकडी कोट पाडायचा, त्यावर माती आणि चिखल पसरायचा आणि वर नवा कोट उभारायचा, असे येथे वारंवार घडल्यामुळे खालचे थर हवेपासून वंचित राहिले. आणि जे एरवी कुजून जावे ते लाकूड, चामडे आणि कापड सुमारे एकोणीसशे वर्षे टिकले. १९७३ मध्ये रॉबिन बर्ली यांना तेथे लाकडाचे पातळ तुकडे सापडले, ज्यांवर शाईचा मजकूर होता. पुढे असे शेकडो तुकडे निघाले: हिशेब, रजेचे अर्ज, शिबंदीच्या हजेऱ्या, खासगी पत्रे. दप्तरखान्यात बसून जुन्या रुमालांतले कागद ज्याने चाळले आहेत, त्याला या मजकुराचा जिव्हाळा तत्काळ कळेल. कारण सम्राटाच्या विजयकथा सांगणारे लेख पुष्कळ मिळतात, परंतु शिपायाला थंडीत पायमोजे पाठविल्याची नोंद क्वचितच मिळते, आणि येथे ती आहे. एक स्वारांचा नायक आपल्या वरिष्ठाला कळवितो की, पथकाजवळची बिअर संपली आहे, ती पाठविण्याचा हुकूम व्हावा. एका हिशेबात दोन दिनारांची मिरी आहे. ती मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून, तांबड्या समुद्राच्या आणि मिसरच्या मार्गाने, या पावसाळी माळावर येऊन पोहोचली होती.

इसवी सन १०० च्या सुमारास क्लॉडिया सेव्हेरा या स्त्रीने आपली मैत्रीण सुल्पिकिया लेपिडिना हिला ११ सप्टेंबरला येणाऱ्या आपल्या वाढदिवसाचे निमंत्रण पाठविले. मजकूर लेखनिकाच्या हातचा आहे. पण अखेरच्या चार ओळी सेव्हेराने आपल्या हाताने लिहिल्या आहेत, आणि एखाद्या स्त्रीच्या हस्ताक्षरातील लॅटिनचा तो सर्वांत जुना ज्ञात नमुना मानला जातो. हे तुकडे बहुतांशी ब्रिटिश म्युझियममध्ये असतात. काही विंदोलांडाच्या संग्रहालयात मांडलेले आहेत, आणि उत्खनन अद्याप दर उन्हाळ्यात चालू असते. दोन तासांत ते आटोपून दुसरीकडे पळणाऱ्यांची मला खरोखर हळहळ वाटते.

चौथ्या दिवशी कॉर्ब्रिजचे रोमन नगर पाहून किनाऱ्याकडे वळावे. येथे गडकोट इतके दाट का, याचे उत्तर इतिहासात आहे. १२९६ पासून पुढे इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात जी युद्धे पेटली, ती मधूनमधून विझत १६०३ मध्ये दोन्ही मुकुट एका मस्तकावर येईपर्यंत धुमसत राहिली, आणि त्या सर्व काळात हा परगणा म्हणजे रणांगणाचा उंबरठाच होता. ॲनिकचा किल्ला पर्सी घराण्याकडे १३०९ पासून आहे आणि ते घराणे आजही तेथे नांदते आहे. राहता, सजविलेला, चित्रपटांमुळे गर्दीचा असा तो किल्ला अर्ध्या दिवसात पाहून होतो.

डन्स्टनबरो मात्र निराळा. तेथे मोटार जात नाही. क्रॅस्टर या कोळ्यांच्या गावातून, जेथे आजही ओकच्या भुशाच्या धुरावर हेरिंग मासे धुरवून किपर तयार करतात, समुद्राच्या कडेने कुरणातून सुमारे दोन किलोमीटर चालत जावे लागते. राजाचा चुलतभाऊ असूनही त्याच्याविरुद्ध उभा ठाकलेला लँकेस्टरचा अर्ल टॉमस याने १३१३ मध्ये तो बांधायला घेतला. पण १३२२ मध्ये बंड फसले, बरोब्रिजला तो पकडला गेला आणि त्याचा शिरच्छेद झाला. इतक्या प्रचंड वास्तूचा उपभोग तिच्या धन्याला जवळजवळ मिळालाच नाही. उत्तरेकडे कातळाचा कडा सरळ समुद्रात उतरत असल्याने त्या बाजूला मोठा तट बांधण्याचे कारणच पडले नाही. सिंधुदुर्गासारखे जलदुर्ग पाहिलेल्या वाचकाला जागा हेरणाऱ्याची नजर येथे चटकन ओळखू येईल.

बॅम्बरोचा इतिहास सहाव्या शतकापर्यंत मागे जातो. नॉर्थंब्रियाच्या राजांची ती राजधानी होती. १४६४ मध्ये चौथ्या एडवर्डच्या तोफांनी तो किल्ला पाडला, आणि तोफांच्या माऱ्याने पडलेला इंग्लंडमधील पहिला किल्ला म्हणून त्याचे नाव घेतले जाते. १८९४ मध्ये तो विकत घेऊन ज्याने त्याची पुनर्रचना आरंभिली, तो विल्यम आर्मस्ट्राँग तोफांचाच कारखानदार होता. गावात ग्रेस डार्लिंगचे स्मारक आहे. ७ सप्टेंबर १८३८ रोजी 'फॉरफारशर' ही आगबोट फार्न बेटांच्या खडकांवर फुटली, तेव्हा बावीस वर्षांच्या या मुलीने दीपगृहाचा रखवालदार असलेल्या आपल्या वडिलांबरोबर वादळात होडी घातली आणि माणसे वाचविली. चार वर्षांनी क्षयाने ती वारली. त्या बेटांना जाणाऱ्या होड्या सीहाउसेसहून सुटतात. पफिन पक्षी पाहायचे तर जुलैच्या मध्यापूर्वी जावे, कारण त्यानंतर ते समुद्रावर निघून जातात.

लिंडिसफार्नला ६३५ मध्ये एडन या संताने मठ स्थापिला, आठव्या शतकाच्या आरंभीच्या सुमारास येथे लिंडिसफार्न गॉस्पेल्स हा सचित्र ग्रंथ सिद्ध झाला, आणि ७९३ मध्ये व्हायकिंग चाच्यांनी मठ लुटला. आजचे भग्न कमानींचे अवशेष बाराव्या शतकातील मठाचे आहेत. कातळावरचा छोटा किल्ला सोळाव्या शतकातला. विसाव्या शतकाच्या आरंभी एडवर्ड हडसन या नियतकालिकाच्या मालकासाठी एडविन लट्येन्स यांनी त्याचे राहते घर केले. नवी दिल्लीची भव्य रचना करणारे लट्येन्स ते हेच. येथे मात्र त्यांनी कातळाच्या वेड्यावाकड्या आकाराला मान देऊन लहान खोल्या, अरुंद जिने आणि कमानी रचल्या आहेत, आणि ही संयमी रचना मला दिल्लीपेक्षाही अधिक भावते.

परतीच्या दिवशी लंडनची गाडी संध्याकाळची घ्यावी आणि सकाळ साउथ शील्ड्सच्या अर्बिया या कोटासाठी राखावी; न्यूकॅसलहून मेट्रोने तेथे सहज जाता येते. तेथील संग्रहालयात रेजिना नावाच्या स्त्रीची समाधिशिला आहे. ती दक्षिण ब्रिटनमधील एका टोळीची, आधी गुलाम आणि मग मुक्त होऊन पत्नी झालेली. तिचा पती बराटेस सिरियातील पाल्मिराचा. तिशीतच वारलेल्या या पत्नीसाठी त्याने लॅटिन लेखाखाली आपल्या मायदेशाच्या पाल्मिरी लिपीत आणखी एक ओळ कोरविली. संग्रहालयाच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी त्यांची रुजवात करून घ्यावी, आणि सामान न्यूकॅसललाच ठेवून जावे.