वारी पाखरांची आणि मोजणाऱ्यांची

पौष महिना उजाडला की त्र्यंबकेश्वराच्या वाटा दिंड्यांनी भरून जातात. वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या समाधीचे दर्शन घडावे म्हणून गावोगावचे वारकरी थंडीवाऱ्याची तमा न बाळगता चालत येतात. याच सुमारास, ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशिक ओलांडून निफाड तालुक्यात जेथे कादवेला भेटते, त्या नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावर दुसरेच वारकरी मुक्कामाला असतात. काळ्या अंगाच्या आणि कपाळावर पांढराशुभ्र टिळा असलेल्या एका पाणपक्ष्याला मराठी माणसाने हे नाव दिले आहे. त्याच्या सोबतीला चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे उत्तरेकडून आलेले पाहुणेही असतात.

डॉ. सलीम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले. 1986 मध्ये तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि 2020 मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत महाराष्ट्रातून पहिले नाव तिचेच गेले. आशियातील पाणपक्ष्यांची गणना 1987 पासून दर जानेवारीत होत आली आहे. पहाटेच्या धुक्यात दुर्बीण डोळ्यांना लावून, थव्यातील दहा किंवा शंभर पक्ष्यांचा एक गट नजरेने ठरवावयाचा आणि त्या मापाने सारा थवा मोजावयाचा, अशी ही रीत आहे.

पाखरे मोजून कोणाचे पोट भरते, असा प्रश्न यावर सहजच विचारला जाईल. त्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जाताना वाटेत अंजनेरीचा डोंगर लागतो, त्याच्या कड्यांकडे मान वर करून पाहावे.

त्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. पंचवटीच्या परिसरात जटायूची कथा घडली असे आपण श्रद्धेने सांगतो. पण त्याचे वंशज आपल्या डोळ्यांदेखत नाहीसे होत होते, तेव्हा आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. एके काळी गावाबाहेर मेलेले जनावर पडले की पाहता पाहता गिधाडांची झुंबड उडे. इतका सामान्य पक्षी कोण मोजणार? भरतपूरच्या केवलादेव उद्यानात मात्र 1980 च्या दशकात त्यांची मोजणी झाली होती. 1990 च्या दशकाच्या अखेरीस नवे आकडे त्या जुन्या आकड्यांशेजारी ठेवले गेले, तेव्हा देशाला धक्का बसला. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे हजारांत एक या प्रमाणात उरली. लांब चोचीची शंभरांत तीनच्या आसपास.

कारण सापडले ते 2004 मध्ये. गुराढोरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक मृत जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याचे मूत्रपिंड निकामी करी. 2006 मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. पुढे अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून 2017 मध्ये घोषित झाले; हरसूलजवळ खोरीपाडा येथे गिधाडांना सुरक्षित खाद्य मिळावे म्हणून जागाही करण्यात आली. या साऱ्या धडपडीचा आरंभ कोणीतरी कधीकाळी वहीत लिहून ठेवलेल्या आकड्यांतून झाला, हे विसरून चालणार नाही. मोजणी आणखी चार ठिकाणी, आणखी नेमाने झाली असती, तर हाकाटी काही वर्षे आधी झाली असती.

आज हा प्रश्न पुन्हा समोर उभा आहे. ब्रह्मगिरी आणि अंजनेरी यांना जोडणाऱ्या रोप-वेची योजना अलीकडे पुढे आली आणि निसर्गप्रेमींनी तिला हरकत घेतली. सिंहस्थ म्हटला की रस्ते आणि वाहनतळ हे ओघाने आलेच. यात्रेकरूंची सोय नको, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु डोंगर कापण्यापूर्वी तेथे कोण राहते, किती राहते, हे विचारणे हा कर्तव्याचा भाग आहे. आणि तेव्हा हळहळ कामाला येत नाही, नोंद कामाला येते. दहा वर्षांचे आकडे टेबलावर ठेवणाऱ्या नागरिकाला सहजासहजी उडवून लावता येत नाही.

ही नोंद केवळ तज्ज्ञांनीच करावयाची असेही नाही. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा 2023 चा अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे, आणि त्यांतले बहुसंख्य लोक नोकरीधंदा सांभाळून हा छंद जोपासणारे आहेत. शाळेतील एखादा शिक्षक, कचेरीतील एखादा कारकून, महाविद्यालयातील चार विद्यार्थी यांना एक वही, एक साधी दुर्बीण आणि महिन्यातील एक सकाळ पुरेशी आहे. पथ्ये तीनच. जागा तीच, वेळ तीच असावी; दुर्मीळ पाखराच्या मागे धावताना चिमणी, साळुंकी, धोबी यांना गाळू नये; आणि काहीच दिसले नाही तर शून्य लिहावे, पान कोरे ठेवू नये. कोरे पान म्हणजे आपण गेलोच नाही. शून्य म्हणजे आपण गेलो होतो, पाखरू आले नव्हते. या दोहोंतले अंतर गिधाडांनी आपल्याला शिकवले आहे.

ठरल्या तिथीला, ठरल्या वाटेने, दरसाल न चुकता जाणे याला आपण वारी म्हणतो. त्र्यंबकच्या परिसराला हा नेम काही नवा नाही. पाण्यावरचा वारकरी तर तो आपल्यापरीने पाळतोच. काठावर वही घेऊन बसणाऱ्यानेही तो पाळावा, एवढेच मागणे आहे.