मॅकसेकची किल्ली आणि 1993 साली उठलेला स्विच

आजचा विषय मॅकसेक. एका स्विचमधून दुसऱ्या स्विचकडे जाणारी प्रत्येक फ्रेम तारेवर कुलूपबंद करायची, ही ती सोय. पण मी आज कुलपापेक्षा किल्लीबद्दल जास्त बोलणार आहे, कारण जयपूरला माझी एक अख्खी रात्र गेली ती किल्लीपायी.

काम साधं होतं. एका संस्थेच्या दोन इमारती, एक सीतापुऱ्याला, दुसरी शहरात, आणि मध्ये भाड्याने घेतलेली डार्क फायबर. ही फायबर रस्त्याकडेच्या चेंबरमधून जाते. झाकण कोणीही उचलू शकतो, आणि फायबर जराशी वाकवली तर बाहेर निसटणारा प्रकाश पकडून आतला डेटा वाचता येतो. म्हणून दोन्ही टोकांना मॅकसेक.

याचं मानक 802.1एई, साल 2006. फ्रेमवरचे दोन्ही मॅक पत्ते उघडेच राहतात. त्यानंतर एक छोटा टॅग येतो, मग एईएस-जीसीएमने बंद केलेला मजकूर, आणि शेवटी 16 बाइटचं मोहोरपत्र. मधे कोणी एक बिट जरी बदललं तरी मोहोर जुळत नाही आणि फ्रेम फेकली जाते. सगळं मिळून फ्रेम 32 बाइटपर्यंत वाढते, तेव्हा एमटीयू आधी तपासा.

आता किल्ली. स्विचवर आपण हाताने टाकतो ती सीएके, 128 बिटांना 32 हेक्स अंक, 256 बिटांना 64. तिचं नाव सीकेएन, ते तारेवरून उघडं जातं, त्यामुळे नावात गुपित ठेवू नका. गंमत अशी की सीएके स्वतः डेटाला हात लावत नाही. तिच्यापासून दोन किल्ल्या तयार होतात: एक एमकेएच्या निरोपांवर मोहोर मारायला, दुसरी गुंडाळायला. दोन स्विचपैकी ज्याचा प्रायॉरिटीचा आकडा लहान, तो की-सर्व्हर. तो डेटाची खरी किल्ली, म्हणजे एसएके, बनवतो आणि गुंडाळून पलीकडे पाठवतो.

एसएके सारखी बदलावी लागते, कारण प्रत्येक फ्रेमला 32 बिटांचा क्रमांक असतो आणि एका किल्लीवर तो पुन्हा वापरायचा नसतो. 10 गिगाबिटच्या लिंकवर सगळ्यात लहान फ्रेमा भरून धावल्या तर सेकंदाला सुमारे 1 कोटी 49 लाख. म्हणजे पाच मिनिटांच्या आत क्रमांक संपले! 100 गिगाबिटवर तर अर्धा मिनिटही नाही. म्हणून वेगवान लिंकवर 64 बिटांचे क्रमांक असलेला एक्सपीएन प्रकार निवडा. एसएके आपोआप बदलते, पण सीएके बदलणं आपल्याकडे. त्यासाठी की-चेन, प्रत्येक किल्लीला सुरुवातीची आणि शेवटची वेळ.

आम्ही दर तीन महिन्यांची एक किल्ली केली होती, दोन किल्ल्यांमध्ये एक दिवसाचा ओव्हरलॅप. कागदावर झकास. मग एका रात्री सीतापुऱ्याची वीज गेली, यूपीएसनेही मान टाकली. वीज आल्यावर स्विच उठला तो 1993 साली! त्याच्या घड्याळाला बॅटरी नव्हती. 1993 मध्ये चालणारी एकही किल्ली चेनमध्ये नाही, म्हणून एमकेए गप्प. लिंक मस्ट-सिक्युअर, म्हणून उघडी फ्रेमही जाणार नाही. आणि एनटीपी सर्व्हर कुठे? त्याच लिंकच्या पलीकडे. घड्याळाला लिंक हवी, लिंकला किल्ली हवी, किल्लीला घड्याळ हवं. रात्री दोनला कन्सोल केबल घेऊन गेलो, तारीख हाताने टाकली आणि काही सेकंदांत लिंक उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी झोप येईना म्हणून जंतरमंतरला गेलो. तिथलं सम्राट यंत्र 27 मीटर उंच, दोन सेकंदांपर्यंत वेळ दाखवतं. एमकेएचा निरोपही दर दोन सेकंदांनीच जातो, सहा सेकंद काही आलं नाही की समोरचा गेला असं धरतात. पण सम्राट यंत्राची वेळ जयपूरची स्थानिक, आपल्या मनगटावरच्या वेळेपेक्षा साधारण 27 मिनिटं मागे, ऋतूप्रमाणे थोडी कमीजास्त. दोन्ही घड्याळं बरोबर, तरी जुळत नाहीत. स्विचवरही हेच होतं: एका टोकाला यूटीसी, दुसऱ्याला भारतीय वेळ, की किल्ल्या साडेपाच तास सरकल्या. दोन्हीकडे यूटीसीच ठेवा.

संस्थेचं म्हणणं पडलं, शुड-सिक्युअर करून टाका, निदान चालू तर राहील. मी नाही म्हणालो. त्यात एमकेए बिघडलं की डेटा उघडा जातो, आणि एमकेए बिघडवणं चेंबरमध्ये बसलेल्या माणसाला अवघड नाही. त्याऐवजी एनटीपी वेगळ्या मॅनेजमेंट वाटेने आणलं, आणि एक फॉलबॅक किल्ली ठेवली, जिला मुदतच नाही. मुदत नसलेली किल्ली मला मनापासून आवडत नाही. म्हणून ती लांबलचक, यादृच्छिक, नेहमीच्या किल्ल्यांहून वेगळी, आणि वर्षातून एकदा हाताने बदलायची.

एक लक्षात घ्या: स्विचच्या पोटात डेटा उघडाच असतो, मॅकसेक फक्त तारेपुरतं. आणि मध्ये सेवादात्याचा स्विच असेल तर तो एमकेएचे निरोप बहुधा गिळतो. तिथे ईएपीओएलचा पत्ता बदलावा लागतो.

नंतर एका रविवारी आम्ही मुद्दाम वीज घालवून पाहिली. स्विच पुन्हा 1993 मध्येच उठला, लिंक फॉलबॅकवर आली, घड्याळ लागलं, आणि ती आपसूक चालू किल्लीवर गेली.