पहिली सुई कोण टोचतो?

पोराला गर्द विकणारा वेगळा. पण पहिली सुई टोचतो तो बहुधा त्याचा मित्रच, हे आपण आयाबापांनी नीट समजून घेतले पाहिजे.

आपल्या शहरांत गर्द १९८० नंतर पसरली. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण उभे राहिले ते याच काळात. पुष्कळ पोरे ती चांदीच्या कागदावर ठेवून धूर ओढतात. पैसे पुरेनासे झाले की कोणी सांगतो, सुईने थोडक्यात भागते. पण नवख्याला स्वतःची शीर सापडत नाही. मग तो टोचणाऱ्या ओळखीच्याला गळ घालतो, आणि तोही ‘एकदाच हं’ म्हणत हात पुढे करतो. दोघांत सुई एकच असली तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी तिथूनच शिरतो.

इंग्लंडमध्ये नील हंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली हीच गाठ धरली. ते टोचणाऱ्यांशीच बोलायला बसले. तुला पहिली सुई कोणी दिली? उद्या कोणी मागितली तर काय सांगशील? नवख्यासमोर टोचू नको, सुईची वाखाणणी करू नको. दुसऱ्याला टोचणे त्यांच्यातल्या बहुतेकांनाही पसंत नव्हतेच! नकार कसा द्यावा, एवढेच ठरवायचे होते.

आमच्याकडे मात्र पोराच्या खिशात सुई सापडली की मार आणि दार बंद. मग तो जातो कुठे? त्याच कट्ट्यावर, जिथे धाकटी पोरे बसतात. त्याला घरात घ्या, हे प्रश्न विचारा. सरकारची नशामुक्तीची हेल्पलाइन १४४४६, फोन फुकट लागतो.