पाठमोरे रिंगण

निवृत्त माणसाकडे दोन कामे हमखास येतात. सोसायटीचे हिशेब तपासणे आणि कुठल्या तरी स्पर्धेचे परीक्षक होणे. बँकेत हयात घालवल्यामुळे पहिले माझ्याकडे चालत आले आणि चार कादंबऱ्या नावावर असल्यामुळे दुसरे. काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या युवक महोत्सवात मला बोलावणे आले, ते खरे तर एकांकिकांसाठी. पण लोकनृत्याचे एक परीक्षक ऐनवेळी आले नाहीत. ‘सर, तुम्ही सुरगाण्याला होतात ना?’ एवढ्या पात्रतेवर मला त्या खुर्चीत बसवण्यात आले.

विद्यापीठाचे आवार पाहावे तर अशाच दिवसांत. एरवी फाइली आणि झेरॉक्सच्या रांगा. त्या दिवशी व्हरांड्यात पोरे फरशीवर मांडी घालून चित्रे रंगवत होती, शेजारी मातीकामवाल्यांचे हात कोपरापर्यंत चिखलात, आणि ग्रंथालयामागे मूकनाट्याची तालीम चाललेली. एक नऊवारीतली मुलगी, नाकात नथ, वडापाव खात लावणीचे बोल पाठ करत होती. मला तर वाटले, परीक्षा पुढे ढकलाव्यात आणि हेच वर्षभर चालू ठेवावे!

मुख्य मंचामागचा पडदा मुलांनीच रंगवला होता. गेरूच्या रंगावर पांढरी वारली चित्रे आणि मधोमध तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचे वळत गेलेले रिंगण. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला घराच्या भिंतीवरून कागदावर आणली, जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पडद्यावरचे ते रिंगण मला इतके आवडले, की मी आयोजकांना मुद्दाम बोलावून दाद दिली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या महोत्सवांची परंपरा तशी जुनी. दिल्लीत १९५४ साली आंतरविद्यापीठ युवक महोत्सव झाला होता. १९८५-८६ पासून भारतीय विद्यापीठ संघाने हे काम हाती घेतले, आणि आपल्या राज्यातल्या विद्यापीठांसाठी २००३ पासून ‘इंद्रधनुष्य’ सुरू झाला. नियम कडक असतात. लोकनृत्याला नाचणारे दहा, वेळ दहा मिनिटे. मग घंटा.

सातव्या क्रमांकाला सुरगाणा भागातल्या मुलांचा संघ आला. एका मुलाच्या हातात पावरी होती. भोपळा, बांबू आणि मेण यांतून घडवलेले हे वाद्य म्हणजे तारप्याचे भावंडच. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात ते घुमू लागले, की डोंगरापलीकडच्या पाड्यालाही कळते. मुलगा मधोमध उभा राहिला, बाकीच्यांनी एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फेर धरला. पावरीची चाल बदलली की पावले बदलत. श्वास न तोडता तो वाजवत होता. पण आम्हा परीक्षकांना दिसत होत्या त्या पाठी! आधीच्या एका संघाने अशाच नाचाची सरळ ओळ केली होती, चेहरे आमच्याकडे, हसू ठरलेले. गुणपत्रिकेत ‘सादरीकरण’ असा रकाना होता. ओळवाल्यांना मी दहापैकी आठ दिले, रिंगणवाल्यांना चार.

दुपारी जेवणाच्या रांगेत पावरीवाला मुलगा माझ्यामागे होता. जरा चाचरतच त्याने विचारले, ‘सर, आम्ही कुठं कमी पडलो?’

मी परीक्षकी आवाजात म्हणालो, ‘अरे, नाच चांगला होता. पण प्रेक्षकांकडे पाठ करून कसे चालेल?’

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मग पावरीकडं पाठ करायची का, सर?’

मला तिथल्या तिथे सुरगाणा आठवला. १९८८ साली मी तिथल्या शाखेत होतो. एकेकाळचे संस्थानी गाव, पलीकडे डांगचे जंगल. होळीनंतरच्या दिवसांत आसपासच्या गावांतून बोहाडा होई. मला एका गावी शिपायाने नेले. टेंभ्यांच्या उजेडात रात्रभर एकेक सोंग गल्लीतून येत होते. गणपती, सरस्वती, मग देव, दैत्य, रावण. संबळाच्या ठेक्यावर दोन पावले पुढे, एक मागे. लोक दोन्ही अंगांना, ओट्यांवर, झाडांवर. समोरची बाजू अशी कुठली नव्हतीच. मी खुर्ची शोधत होतो, ती कुणी दिली नाही.

कुठला मुखवटा कुठल्या घराण्याने चढवायचा, हा मान ठरलेला. त्या रात्रीचा रावण आठवडाभराने बैलजोडीच्या कर्जासाठी माझ्यासमोर उभा होता. अर्जात ‘व्यवसाय’ या शब्दापुढे मी ‘शेती’ लिहिले. दुसरे काय लिहिणार? तो हसून म्हणाला, ‘साहेब, रावणाला जामीन कोण राहील?’ जामीन मिळाला, कर्ज झाले, फिटलेही. (रावणाचे हप्ते वेळेवर येत. थकबाकीदार सगळे सज्जन चेहऱ्याचे.)

विद्यापीठांनी या कलांसाठी काहीच केले नाही, असे कुणी म्हणाले तर मी भांडेन. पुण्याच्या विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र सुरू झाले आणि गुरूसमोर बसून नृत्य, संगीत, नाट्य शिकत पदवी घेता येऊ लागली. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे. वर्गात जी मुले आपल्या बोलीतला शब्द तोंडातून निसटू नये म्हणून जपतात, त्यांना महोत्सवाच्या दिवसांत सारे कॉलेज शोधत येते. हे थोडके नाही. माझी तक्रार त्या एका मंचाबद्दल आहे. लाकडी चौकट, तीन बाजू बंद, चौथीला आम्ही. एकांकिकेला ती ठीक. पण रिंगणाचा नाच खाली मैदानात घ्यायला काय हरकत आहे? परीक्षकांच्या खुर्च्या भोवताली टाका, नाहीतर गॅलरीत वर बसवा. पडद्यावरचे ते वारली रिंगण मला सगळे दिसले, कारण चित्रकाराने ते वरून पाहिल्यासारखे काढले होते. त्याला मी दाद दिली आणि जिवंत रिंगणाला चार गुण!

मी आयोजकांना गाठले. गुणपत्रिका जमा झाल्या होत्या, बेरजा झाल्या होत्या. खाडाखोड चालत नाही, हे बँकवाल्याला कुणी सांगायला नको. निकाल लागला, ओळवाले पहिले आले.

संध्याकाळी वसतिगृहामागे आवाज आला म्हणून गेलो. सुरगाण्याची मुले पार्किंगच्या मोकळ्या जागेत नाचत होती, आणि आता दहा नव्हती. लावणीवाली मुलगी नथ काढून आत शिरली होती, मातीकामवाले होते, दोन रखवालदारही. कुणीतरी माझा हात ओढला. माझी पावले चुकत होती, गुडघे कुरकुरत होते. पण पावरी वाजवताना त्या मुलाचे गाल कसे फुगतात, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले. दहा मिनिटे केव्हाच होऊन गेली होती.

रात्री त्यांची बस होती. उन्हाने मेण पाघळू नये म्हणून मुलाने पावरी ओल्या फडक्यात गुंडाळली. ‘उद्या सकाळच्यालाच ऊन लागतं, सर,’ म्हणाला. मग खिडकीजवळची जागा तिला दिली आणि स्वतः दांड्याला धरून उभा राहिला.