अंघोळ घालताना हाताला लागलेली गाठ

लहान मुलांच्या मूत्रपिंडाचा सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे विल्म्स ट्यूमर. जर्मन शल्यचिकित्सक माक्स विल्म्स यांनी 1899 मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. बहुतेक रुग्ण पाच वर्षांच्या आतले. पोटातली गाठ पहिल्यांदा हाताला लागते ती बहुधा आईच्याच, अंघोळ घालताना. मूल खेळत-जेवत असतं, म्हणून आजार गंभीर आहे हे घरच्यांना खरंच वाटत नाही. ही गाठ मात्र पुन्हापुन्हा दाबून पाहू नये. ती फुटू शकते.

युरोपीय पद्धतीत आधी केमोथेरपीने गाठ लहान करतात, मग शस्त्रक्रिया. अमेरिकेत बहुधा शस्त्रक्रिया आधी. प्रगत देशांत दहापैकी सुमारे नऊ मुलं बरी होतात. गाठेसोबत एक मूत्रपिंड काढलं, तरी उरलेल्या एका मूत्रपिंडावर मूल वाढतं, शाळेत जातं. आईवडिलांना हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं, आणि घाई न करता.

आपल्याकडे मोठी अडचण मुक्कामाची. परळच्या टाटा रुग्णालयात गावाहून आलेल्या कुटुंबाला महिनोन्महिने मुंबईत राहावं लागतं. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशांना कित्येक दशकं आसरा देते आहे. सेंट ज्यूड संस्था 2006 पासून मुलांना पालकांसह मोफत ठेवून घेते. राहायला स्वच्छ खोली आणि स्वयंपाकाला ओटा मिळाला, की उपचार अर्धवट सोडून गावी परतायची वेळ कमी येते.