झाडाची दाढी कशी ओळखाल?

पुण्याहून महाबळेश्वरला सहल नेली, की काही फांद्यांवर फिकट हिरव्या दाढीसारखे झुबके दिसतात. मुले त्यांना शेवाळ म्हणतात. खरे तर हे 'उस्निया', मसाल्यातील दगडफुलाचे भावंड. बुरशी व शैवाल यांच्या सहजीवनातून ते घडते.

खाली पडलेला एक तंतू भिजवून हलकेच ताणा. साल तुटून आत पांढरा, रबरासारखा ताणला जाणारा दोरा दिसला, तर तो उस्नियाच! हिमालयातील सूचिपर्णी वनांत लोंबणाऱ्या तपकिरी 'ब्रायोरिया'त हा दोरा नसतो.

उस्निया झाडाचा रस शोषत नाही, फक्त आधार घेतो. सल्फर डायऑक्साइडने दूषित हवा मात्र त्याला सोसत नाही. वाढही फार सावकाश होते. म्हणून झुबके ओरबाडू नका. पुढच्या वर्षीची मुले त्यांवरूनच हवेची परीक्षा घेतील.