अडीच फूट रुंद, पाच फूट खोल

१९८७ च्या उन्हाळ्यात सांगलीतल्या आमच्या घराच्या गॅरेजात खड्डा खणला. गाडीखाली उभं राहून काम करता यावं, एवढाच हेतू. एसटीच्या आगारात ज्याला पिट म्हणतात तोच हा, घरगुती मापाचा. खणायला फार दिवस लागले नाहीत. पुढची पस्तीसहून जास्त वर्षं मात्र त्यातून पाणी आणि वाईट हवा बाहेर ठेवण्यात गेली. त्यामुळे त्याचा मागोवा घ्यायचा तर गाड्यांइतकंच पाण्याबद्दल बोलावं लागतं.

अण्णांकडे तेव्हा महिंद्राची डिझेल जीप होती आणि एक फियाट. लोक तिला फियाटच म्हणत. कागदावर ती प्रीमियर पद्मिनी, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. या दोन्ही गाड्या खालून जपाव्या लागत. जीपच्या प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, पाट्यांचे शॅकल, फियाटचे किंगपिन, प्रत्येक ठिकाणी ग्रीसचं निप्पल. उसाच्या रानातून जीप चिखल घेऊन आली की तो या सांध्यांत बसे. नवं ग्रीस दाबून जुनं, मातकट झालेलं बाहेर काढलं नाही, तर क्रॉस आवाज करायला लागे. जॅक लावून, पोतं अंथरून, उताणं पडून हे काम करायचं म्हणजे निम्मं ग्रीस तोंडावर. शिवाय जॅकवरच्या गाडीखाली जाणं अण्णांना कधीच मान्य नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

मापं आगारातल्या एका जाणत्या मेकॅनिकला विचारून ठरवली. जीपच्या दोन चाकांमधलं आतलं अंतर साधारण साडेतीन फूट. म्हणून खड्डा आतून अडीच फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना चाकाला अर्धा अर्धा फूट राखीव. लांबी चौदा फूट. खोलीचं माप टेपने नाही, माणसाने ठरतं. गाडीचं पोट डोक्याच्या थोडं वर आलं पाहिजे. कमी खोल ठेवला तर दिवसभर मान वाकडी, जास्त ठेवला तर हात वर करकरून खांदे भरून येतात. अण्णांना आणि मला पाच फूट पुरले. एका टोकाला पायऱ्या, दुसऱ्या टोकाला भिंतीत लोखंडी कांब्या. गाडी अशी लावायची की पायऱ्यांचं तोंड कायम उघडं राहील. हा नियम अण्णांनी कुणासाठीही मोडला नाही. वरच्या कडेला अँगल बसवला, म्हणजे खड्डा झाकायच्या फळ्या त्यात बेतून बसतात आणि काँक्रीटची धार चाकाने तुटत नाही.

खरी परीक्षा मातीची होती. सांगलीची काळी माती उन्हाळ्यात हात आत जाईल अशी भेगाळते आणि पावसात फुगते. विटांच्या भिंतीचा विषय खड्डा बांधणाऱ्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी संपवला. "मालक, ह्या मातीचा भरवसा न्हाई. ती भिंतीला ढकलणार. तिला भिंतीपासनं लांब ठेवा." त्यांनी खणताना दोन्ही बाजूंना जास्तीची जागा सोडली, भिंती सळई घालून काँक्रीटच्या केल्या आणि मागे माती न टाकता मुरूम भरून धुमसला. बाहेरून खरबरीत शहाबादी फरशीचा पूर्ण डबा केला, सांधे सिमेंटच्या मालाने भरले. मुंबई-पुण्याच्या तळघरांना तेव्हा ही पद्धत सर्रास वापरत. तळाला एका कोपऱ्याकडे उतार आणि तिथे बादली बुडेल एवढी कुंडी. तळाचा स्लॅब भिंतीच्या बाहेर फूटभर काढला होता. तेव्हा मला तो वायफळ खर्च वाटला. त्याचं उत्तर पुढे नदीने दिलं.

त्याआधी हवेबद्दल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली उतरते, खड्ड्यात साठते आणि दिसत नाही. एका ठिणगीचं काम. म्हणून आमच्याकडे पेट्रोलची टाकी किंवा पंप खोलायचं काम खड्ड्यावर कधीच झालं नाही, ते अंगणात. खड्ड्यात कुणी असताना इंजिन चालू करायचं नाही, कारण सायलेन्सरचा धूर त्या अरुंद जागेत कोंडतो. आत हँडलॅम्प बारा व्होल्टचा, गाडीच्याच बॅटरीवर. नंतर तळापासून एक पाइप काढून भिंतीपलीकडे पंख्याला जोडला. गॅसवर चालणाऱ्या गाड्या आल्या तेव्हा ओळखीचे लोक आपलीही गाडी आणू लागले. एलपीजी असेल तर मी नको म्हणे, कारण तोही गॅस जड. सीएनजी हलका, वर जातो. पण तिथे छताकडे लक्ष ठेवावं लागतं. लोकांना यात अतिसावधपणा दिसतो. मला तसं अजिबात वाटत नाही.

नव्वदच्या दशकात फियाट गेली आणि मारुती ८०० आली. पहिल्यांदा ती खड्ड्यावर घेतली तेव्हा खाली उभं राहून करायचं काय, हेच कळेना. इंजिन पुढे, ओढ पुढच्याच चाकांना, त्यामुळे मागे जाणारा शाफ्टच नाही. ग्रीसचं निप्पल शोधूनही सापडेना. चेंबरचा नट सोडून ऑइल काढायचं, पुढच्या अ‍ॅक्सलचे रबरी बूट फाटलेत का बघायचं, सायलेन्सरचा हँगर बघायचा, झालं. कंपन्यांनी सांधे बंदिस्त केले आणि मालकाची गाडीखालची गरज संपवली. मालक वर राहिला. चांगली गोष्ट आहे, नाही असं नाही. पण गाडी खालून न पाहिलेल्या माणसाला गंज कुठून लागतो ते कधीच कळत नाही. चाकाच्या मागे, जिथे चिखल सुकतो आणि पुन्हा भिजतो, तिथे बोटाने खरवडावं लागतं.

जुनं ऑइल आम्ही पहिल्यापासून डब्यात साठवत आलो. गटारात एक थेंब नाही. आता तर ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं असतं.

२००५ च्या पुरात कृष्णा आमच्या गल्लीत आली. गाड्या मिरजेला हलवल्या होत्या, खड्डा भरला. पाणी ओसरताच नातेवाइकांनी पंप आणून ठेवला. मिस्त्री तेव्हा थकले होते, पण मुद्दाम आले आणि म्हणाले, "आधी आडात डोकवा." परसातल्या आडाचं पाणी हाताला लागेल इतकं वर होतं. म्हणजे जमिनीच्या आत पूर अजून उतरलेला नव्हता. खड्डा बाहेरून मोजला तर पंधरा फूट लांब, साडेतीन रुंद, साडेपाच खोल. भिजलेल्या जमिनीत तेवढ्या आकाराला पाणी खालून सुमारे आठ टनांनी वर रेटतं, आणि काँक्रीटचं स्वतःचं वजन जेमतेम तेवढंच. आतलं पाणी एकदम उपसलं की तो उचलला जाणार, नाहीतर भिंती आत येणार. बाहेर काढलेल्या स्लॅबवर बसलेला मुरूम त्याला धरून ठेवतो, हे तेव्हा समजलं. तरीही आम्ही घाई केली नाही. आडाचं पाणी जेवढं उतरेल तेवढंच खड्ड्यातलं काढायचं, मग थांबायचं. जवळच्याच एका घरात जमिनीतला हौद एका दुपारीत रिकामा केला. त्याचा तळ मधोमध फुगून फुटला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी पंचेचाळीस. पूर येणार हे दिसू लागताच फळ्या काढून मचाणावर बांधल्या, पंखा आणि वायरिंग सोडवलं आणि खड्डा आमच्याच बोअरच्या स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरला. शेजारी चकित होऊन बघत होते. आत-बाहेर दाब सारखा राहिला, आणि नदीचा गाळही आत कमी बसला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच केलं. भिंतीला आजवर एक बारीक चीर आहे, पायऱ्यांच्या कोपऱ्यात, आणि ती वाढलेली नाही. मिस्त्री आता नाहीत. त्यांना हे सांगायला हवं होतं.

आता घरात पुतण्याची विजेवरची गाडी आहे. तिच्या पोटाला सपाट बॅटरी. खालून नटही सोडायचा नाही, फक्त दगड लागून पत्रा दबलाय का तेवढं बघायचं. जीप अजून चालते, म्हणून ग्रीसगनही भिंतीच्या कोनाड्यात आहे. लाकडी फळ्या मात्र पुराने वाकल्या होत्या, त्या यंदा काढल्या. चेकर्ड प्लेट टाकावी असं फॅब्रिकेटरचं म्हणणं होतं; तिने वाफ आतच कोंडली असती, म्हणून पट्ट्यांची जाळी करून घेतली. वरून माणूस चालला तर पडत नाही, हवा खेळती राहते, आणि प्रत्येक तुकडा एकट्याला उचलता येतो.